पात्यांना पाणी देण्यासाठी घरच्या घरी गॅसची भट्टी

ऐरणवेडा (पुणे)

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षे मी सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातील सुऱ्या, सुतारकामाच्या पटाश्या आणि बागेतील लहान कोयते तयार करतो. पात्याला आकार देण्याचे काम बेंच ग्राइंडर आणि कानस यांच्यावर भागते. घोडे अडते ते पाणी देण्याच्या, म्हणजे पाते लाल तापवून तेलात बुडवून कडक करण्याच्या वेळी. पहिली दोन वर्षे मी कोळशाच्या शेगडीला हेअर ड्रायरचा वारा देऊन काम केले. तीत पात्याचे टोक पिवळे पडून ठिणग्या टाकू लागे, तेव्हा मुठीकडचा भाग जेमतेम लाल झालेला असे. अशा पात्याला पाणी दिले की टोक काचेसारखे ठिसूळ होते आणि मागचा भाग मऊच राहतो. मागील दिवाळीनंतर मी गॅसवर चालणारी एक लहान भट्टी बांधली. तिची हकीकत येथे तपशिलाने लिहीत आहे, म्हणजे ज्यांना करायची आहे त्यांना माझ्या चुका टाळता येतील आणि जाणकारांना माझ्या उरलेल्या चुका दाखवता येतील.

आधी एक भेद स्पष्ट करतो, कारण तो न कळल्यामुळे माझी पहिली भट्टी वाया गेली. लोखंड ठोकून घडवण्याची भट्टी आणि तयार पात्याला पाणी देण्याची भट्टी यांच्या गरजा निराळ्या आहेत. घडवताना ११०० अंश सेल्सियसच्या पुढे जावे लागते आणि एका जागी जास्त ताप असला तरी चालते. पाणी देण्यासाठी मात्र साध्या कार्बन पोलादाला ८०० ते ८५० अंश पुरतात. अट एवढीच की पाते टोकापासून मुठीपर्यंत सारखे तापले पाहिजे आणि त्या तापमानावर काही मिनिटे स्थिर राहिले पाहिजे. एलपीजीची ज्योत हवेत जळताना १९०० अंशांच्या आसपास पोहोचते. म्हणजे ताप निर्माण करणे ही अडचणच नाही, तो पसरवणे आणि आवरणे हे खरे काम आहे. मी पहिल्या भट्टीत जितका मोठा बर्नर बसवता येईल तितका बसवला होता आणि ती भट्टी पाती जाळण्याच्या कामी उत्तम होती.

आताची भट्टी दोन पांढऱ्या, हलक्या इन्सुलेशन विटांची आहे. कुंभाराच्या किंवा फाउंड्रीच्या भट्टीत मागे बसवतात ती ही वीट. ती ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि ३ इंच जाड असून १२६० अंशांपर्यंत टिकणाऱ्या प्रतीची आहे. हातात घेतल्यावर बिस्किटासारखी हलकी लागते आणि जुन्या करवतीच्या पात्याने कापली जाते. नेहमीची जड, पिवळसर अग्निरोधक वीट येथे घेऊ नये. ती स्वतःच इतका ताप पिते की लहान बर्नरला ती तापवण्यातच अर्धा तास लागतो. दोन्ही विटांच्या समोरासमोरील बाजूंवर अर्धगोल खोबण कोरली, त्यामुळे विटा जोडल्यावर सव्वादोन इंच व्यासाचा आरपार बोगदा तयार झाला. बर्नरसाठीचे छिद्र एका विटेच्या बाजूने, बोगद्याच्या मध्यावर न रोखता त्याच्या वरच्या कडेला स्पर्श करेल असे तिरके पाडले. यामुळे ज्योत पात्यावर सरळ न आदळता बोगद्याच्या भिंतीवरून गोल फिरते. विटा कधी ना कधी तडकतातच, म्हणून दोन्ही विटांभोवती लोखंडी पट्टीचा शिकंजा करून नटबोल्टने आवळला आहे.

बर्नर वाऱ्याच्या पंख्याशिवाय चालणारा, म्हणजे गॅसच्या झोताबरोबर हवा आपोआप ओढून घेणारा आहे. पाऊण इंची टी (पाइप जोडण्याचा तीन तोंडांचा सांधा) घेतली, तिच्या सरळ बाजूला अर्धा इंची काळा पाइप सुमारे साडेचार इंच लांबीचा लावला, आणि मागच्या बाजूने गॅसचा झोत सोडण्यासाठी मिग वेल्डिंगच्या गनची ०.६ मिमीची तांब्याची टिप बरोबर मध्यभागी येईल अशी बसवली. टीची तिसरी, आडवी बाजू हवेसाठी उघडी आहे. टिप सुरुवातीला लांबच ठेवावी आणि ज्योत पाहत पाहत, अर्धा अर्धा मिलिमीटर कापत जावे. टिप जसजशी मागे सरकते तसतशी हवा जास्त ओढली जाते. पाइप पांढरा, जस्ताचा मुलामा दिलेला जीआय घेऊ नये. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्या जुन्या कारागिरांना हा ताप चांगला परिचित आहे.

गॅस चालू केल्यापासून सहा-सात मिनिटांत बोगदा नारिंगी होतो. पुढचे प्रश्न मला पडलेलेच आहेत, पण आधी आपली मते ऐकतो.

कानस (नाशिक)

लेख आवडला. एक प्रश्न मात्र भट्टीच्याही आधी येतो: आपण पोलाद कोणते वापरता? आपल्याकडे नव्वद टक्के हौशी मंडळी ट्रकच्या कमानीचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) घेतात, मीही घेतो, कारण भंगारवाल्याकडे ते किलोवर मिळतात. परंतु सगळे पाटे एकच पोलाद असतात हा समज चुकीचा आहे. काही पाटे सिलिकॉन-मँगनीज जातीचे, म्हणजे ज्याला बाजारात ईएन ४५ म्हणतात त्या वर्गातले असतात. काही क्रोमियमचे, तर काही क्रोमियम-व्हॅनेडियमचे. क्रोमियमच्या जातीला साधारण ८३० अंश पुरतात, सिलिकॉनच्या जातीला त्याहून ३० ते ५० अंश जास्त लागतात. म्हणून ज्या पाट्याचे कूळ माहीत नाही त्याचे तीन-चार तुकडे कापून घ्यावेत, प्रत्येक तुकडा थोड्या वेगळ्या तापमानाला तेलात बुडवावा, मग तो शिकंज्यात धरून तोडावा आणि तुटलेली बाजू भिंगातून पाहावी. कणी राखेसारखी बारीक आणि मखमली करडी दिसली तर तापमान बरोबर आहे. जाड्या रव्यासारखी चमकली तर पोलाद जास्त तापले आहे. तुकडा न तुटता वाकला तर ते कडक झालेच नाही. या परीक्षेला एक रुपया खर्च येत नाही आणि तरीही ती कोणी करत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आणखी एक गोष्ट: वापरलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. माझे एक संपूर्ण घासून तयार झालेले पाते तेलात घालताच ‘टण्’ असा आवाज झाला आणि तीन रविवारांचे काम त्या एका आवाजात संपले. तेव्हापासून सुरीसाठी मी नवीन पट्टी विकत घेतो आणि पाटे फक्त कोयत्यांसाठी ठेवतो.

ऐरणवेडा

कानसराव, सुऱ्यांसाठी मी आता ०.८ टक्क्याच्या आसपास कार्बन असलेले साधे पोलाद घेतो. पोलादाच्या शास्त्रात हे प्रमाण सोयीचे समजले जाते, कारण ते जवळजवळ संपूर्णपणे एकाच तापमानाला, ७२७ अंशांच्या जरा वर, रूप बदलते. ८१५ अंशांवर दोन-तीन मिनिटे धरले की काम होते. ज्यांच्याकडे तापमान मोजण्याचे साधन नाही अशा नवशिक्यांनी याच पोलादापासून सुरुवात करावी. बेअरिंगचे पोलाद, म्हणजे ईएन ३१, टिकाऊ धार देते हे खरे. पण त्याला ८४५ अंशांच्या आसपास दहा मिनिटे किंवा अधिक वेळ अचूक धरावे लागते आणि ते दोन विटांच्या भट्टीचे काम नव्हे.

निळीज्योत (मुंबई)

माझा व्यवसाय औद्योगिक गॅसजोडण्यांचा आहे, त्यामुळे थोडे कडक लिहितो, राग मानू नये.

घरच्या शेगडीचा रेग्युलेटर या कामाला चालत नाही. तो बाहेर सुमारे ३० मिलिबार एवढाच दाब देतो आणि एवढ्या दाबावर हवा ओढणारा बर्नर नीट चालत नाही. मग काही जण रेग्युलेटर उघडून त्यातील स्प्रिंगशी खेळ करतात. हे कृपया कोणीही करू नये. कमी-जास्त करता येणारा, दाबाचा काटा असलेला हाय प्रेशर रेग्युलेटर घ्यावा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि प्रत्येक मोठ्या शहरात हॉटेलच्या भट्ट्यांचे सामान विकणाऱ्यांकडे तो मिळतो. पाणी देण्याच्या कामाला ०.२ ते ०.७ बार एवढा दाब पुरेसा आहे. घरची नारिंगी नळी कमी दाबासाठी असते. येथे तारेच्या जाळीची, उच्च दाबाच्या एलपीजीसाठी बनवलेली नळीच लावावी आणि बर्नरच्या जवळ एक बॉल व्हॉल्व्ह बसवावा, म्हणजे गडबडीत सिलिंडरपर्यंत धावावे लागणार नाही. प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून पाहिल्याशिवाय काडी ओढू नये.

दुसरे, घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकासाठी दिलेला असतो आणि तो इतर कामाला वापरणे नियमाविरुद्ध आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. त्याचा तांत्रिक फायदाही आहे: सिलिंडर जितका मोठा तितका आतील द्रव गॅस उशिरा थंड होतो. द्रवाचा वायू होताना तो सिलिंडरचाच ताप ओढून घेतो, म्हणून तासाभराने बाहेरून दव धरते आणि दाब उतरू लागतो. आपल्याकडील एलपीजीत ब्यूटेनही असतो आणि शुद्ध ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू होण्याचे थांबवतो, त्यामुळे थंडीत पहाटे काम करणाऱ्यांना हा अनुभव लवकर येतो. अशा वेळी सिलिंडर साध्या पाण्याच्या घमेल्यात उभा ठेवावा. गरम पाणी ओतणे किंवा भट्टीजवळ सरकवणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

तिसरे, एलपीजी हवेपेक्षा जड आहे. गळाला तर तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो आणि पायऱ्या, गटार, तळघर शोधतो. म्हणून तळमजल्याखालील पार्किंगमध्ये किंवा बंद गाळ्यात ही भट्टी लावू नये. पेटवताना आधी पेटता बोळा भट्टीच्या तोंडाशी धरावा आणि मग गॅस सोडावा. उलट क्रम केला की भट्टीत साचलेला गॅस एकदम पेट घेतो आणि भुवया जातात. बंद करताना आधी सिलिंडर बंद करावा, नळीतील गॅस जळून संपू द्यावा आणि मग व्हॉल्व्ह फिरवावा.

शिरोलीकर (कोल्हापूर)

आमच्याकडे फाउंड्रीत सिरॅमिक ब्लँकेट, म्हणजे ताप अडवणारी तंतूंची गादी, रोजच्या वापरात असते, म्हणून त्याविषयी दोन शब्द. दोन विटांच्या पुढची पायरी म्हणजे पत्र्याचा डबा किंवा जुन्या पाइपचा तुकडा घेऊन त्याला आतून एक किंवा दोन इंच ब्लँकेटचे अस्तर लावणे. १२८ किलो घनतेचे, १२६० अंशांचे ब्लँकेट सर्वत्र मिळते. चांगले साधन आहे, पण ते उघडे ठेवून वापरणारे लोक पाहिले की मला काळजी वाटते. त्याचे बारीक तंतू ज्योतीच्या झोताने उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात. शिवाय फार दिवस १००० अंशांच्या वर तापलेल्या ब्लँकेटमध्ये स्फटिकी सिलिका तयार होते, म्हणजे जुने अस्तर उपसताना धोका नव्यापेक्षा वाढलेला असतो. अस्तर लावताना मास्क घालावा, नंतर त्यावर कोलॉयडल सिलिकाचा (पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म सिलिकाचा) फवारा मारून ते ताठ करावे आणि वर अग्निरोधक मॉर्टरचा पातळ थर द्यावा. थर एका दिवशी देऊन त्याच दिवशी भट्टी पेटवली तर आतील पाण्याची वाफ होऊन पोपडे उडतात. दोन दिवस सावलीत वाळवून मग मंद आचेवर थोडा थोडा वेळ तापवावे.

विटा कापतानाही हेच. धूळ साधी दिसते, पण नाका-तोंडावर रुमाल बांधून भागत नाही.

सड्यावरचा (रत्नागिरी)

मी आपल्या सर्वांचे लेखन आदराने वाचतो, पण एक शंका मांडतो. आमच्या गावचे लोहारकाका गेली चाळीस वर्षे कोळशाच्या भट्टीत, चामड्याच्या भात्यावर कोयत्यांना पाणी देत आहेत. त्यांच्याकडे रेग्युलेटर नाही, काटा नाही आणि त्यांचा कोयता नारळीवर चढणारा माणूस दहा वर्षे वापरतो. ते पाणी देण्याचे काम नेहमी दिवेलागणीला करतात. लहानपणी मला वाटे की हा काही विधीचा भाग असावा. विचारल्यावर म्हणाले, “अरे, उन्हात लाल रंग दिसतो कुठे?” मग एवढा खटाटोप कशासाठी?

कानस

आपली शंका रास्त आहे आणि काकांचे उत्तर तर या धाग्यातील सर्वांत उपयोगी वाक्य आहे. जी लाली संध्याकाळच्या अंधारात स्पष्ट उजळ दिसते तीच भर दुपारी जवळजवळ काळी वाटते, आणि नवशिका माणूस दुपारी रंग पाहून काम करतो तेव्हा तो हमखास शंभर अंश जास्त तापवतो. पण काकांच्या कोयत्याला पन्नाशीच्या आसपासची रॉकवेल कठिणता (पोलादाचा कडकपणा मोजण्याचे माप) पुरते, पाते जाड असते, आणि ते कुठे धरायचे, कधी फिरवायचे हे चाळीस वर्षांनी त्यांच्या हातात बसले आहे. आम्ही २ मिमी जाडीच्या सुरीला साठीच्या जवळची कठिणता द्यायला जातो, तेही महिन्यातून एकदा. भट्टीची समानता हाताच्या कसबाची उणीव थोडी भरून काढते, एवढाच तिचा उपयोग.

सड्यावरचा

मान्य. काकांना हे वाचून दाखवले. ते हसले आणि म्हणाले की गॅसची भट्टी त्यांनाही हवी आहे, कारण चांगला कोळसा आता मिळत नाही.

दूरदेशी (न्यू जर्सी)

इकडे बार्बेक्यूचा २० पौंडी प्रोपेनचा सिलिंडर सर्रास मिळतो, त्यामुळे गॅसची बाजू सोपी आहे. लांब पात्यांसाठी मी जी रचना वापरतो ती सांगतो, कारण दोन विटांत सहा-सात इंचांपेक्षा लांब पाते सारखे तापत नाही.

जुना २०० लिटरचा तेलाचा ड्रम स्वच्छ करून आडवा न ठेवता उभाच ठेवला आहे. आतून एक इंच ब्लँकेट, तळाजवळ एक छोटा बर्नर, आणि वरच्या भागात समोरासमोर दोन झडपा, ज्यांतून पाते आडवे सरकवून आतील सळ्यांवर टेकवता येते. भली मोठी पोकळी आणि तिच्या मानाने अगदी लहान ज्योत, हेच या रचनेचे मर्म आहे. ज्योत पात्यापर्यंत पोहोचतच नाही. पाते फक्त तापलेल्या वायूंत आणि भिंतींच्या उजेडात असते. भट्टी ८२० अंशांवर स्थिर व्हायला पाऊण तास लागतो, पण एकदा झाली की दीड फूट लांब पाते आत असले तरी दोन्ही टोकांत फार तर दहा-पंधरा अंशांचा फरक मला दिसतो.

माझ्या ड्रमला ब्लोअरचा, म्हणजे विजेच्या पंख्याने हवा देणारा बर्नर आहे, कारण त्यात हवा आणि गॅस वेगवेगळे आवरता येतात. भारतात हे करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: वीज गेली की ब्लोअर थांबतो, पण गॅस येतच राहतो. गॅसच्या वाटेत विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवावा, जो वीज जाताच आपोआप बंद होतो आणि वीज परत आल्यावर हाताने चालू केल्याशिवाय उघडत नाही.

ऐरणवेडा

सर्वांच्या प्रतिसादांवरून गेले दोन रविवार प्रयोग केले, त्यांचा अहवाल देतो.

बोहरी आळीतून के प्रकारचा, स्टेनलेसच्या नळीत बंद केलेला थर्मोकपल (भट्टीचे तापमान टिपणारी तार) आणि एक साधा डिजिटल दर्शक आणला. आधी रिकाम्या बोगद्यात मोजले. बर्नरच्या समोर ९४० अंश, तोंडाशी ७६० अंश. सहा इंचांच्या अंतरात १८० अंशांचा फरक! एवढे दिवस मी पाते सतत पुढे-मागे हलवून काम चालवत होतो आणि त्यालाच कौशल्य समजत होतो.

मग दीड इंची काळ्या पाइपचा एक तुकडा घेतला, त्याचे मागचे तोंड पत्रा वेल्ड करून बंद केले आणि तो बोगद्यात विटेच्या दोन लहान तुकड्यांवर ठेवला. आता ज्योत पाइपाबाहेर फिरते आणि पाते पाइपाच्या आत असते. दाब ०.३ बारवर आणला आणि भट्टीचे पुढचे तोंड विटेच्या तुकड्याने अर्धे झाकले. पंधरा मिनिटांनी पाइपाच्या आतले आकडे असे आले: मागे ८३५, मध्ये ८२५, तोंडापासून दोन इंच आत ८०५. हे मला चालण्याजोगे आहे. वेळ दुप्पट लागतो, पण पाते आत ठेवून हात बाजूला घेता येतो. पाइप काही दिवसांनी पोपडे धरून झिजेल हे माहीत आहे, पण तुकडा भंगारातील आहे.

दुसरा लाभ अनपेक्षित होता. पाते पूर्वीपेक्षा स्वच्छ निघते. उघड्या ज्योतीत जास्तीची हवा असेल तर ती पात्याच्या पृष्ठभागातील कार्बन जाळते आणि वर खवल्यांचा जाड थर येतो. त्यानंतर कानस लावून पाहिली तर ती चावते, आणि आपण समजतो की पाणी बसले नाही, प्रत्यक्षात वरची पातळ कातडीच मऊ झालेली असते. म्हणून ज्योत थोडी गॅसप्रधान ठेवावी, भट्टीच्या तोंडातून दोन-तीन इंच फिकट निळी-नारिंगी जीभ बाहेर येईल इतकी. अर्थात अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माझी भट्टी गच्चीवर उघड्यावर आहे.

चुंबकाविषयीही लिहितो, कारण बहुतेक लोक अजून त्यावरच अवलंबून आहेत. पोलाद ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासे होते. ही खूण खरी आहे, पण ती फक्त ‘अजून थोडे वर जा’ एवढेच सांगते. चुंबक सुटताच पाते तेलात घातले तर ते अर्धवट कडक होते. त्याहून चांगली खूण अंधारात दिसते: पाते तापताना एका क्षणी त्यावरून काळसर सावल्या सरकतात, कारण पोलाद रूप बदलताना ताप आत घेते. त्या सावल्या पूर्ण विरल्या आणि रंग सर्वत्र एकसारखा झाला की दोन मिनिटे थांबावे आणि बाहेर काढावे.

नवशिका७ (सोलापूर)

माझे पाते तेलातून काढल्यावर केळ्यासारखे वाकले. तेल गाडीचे जुने इंजिन ऑइल होते आणि धार आधीच पूर्ण लावली होती. भट्टी दोन विटांचीच आहे. कुठे चुकले?

कानस

तीन ठिकाणी, आणि तिन्ही आम्ही सर्वांनी केलेल्या चुका आहेत.

धार आधी लावू नये. पाणी देण्यापूर्वी धारेची कड जवळजवळ १ मिमी जाड ठेवावी. कागदासारखी कड आधी थंड होते, आकसते आणि लाटेसारखी वळते. दुसरे, घासताना एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी धातू गेला असेल, किंवा पाते तेलात तिरके शिरले असेल, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने थंड होतात. पाते टोकाकडून किंवा धारेकडून सरळ खाली घालावे आणि तेलात पुढे-मागे, सुरीने कापल्यासारखे हलवावे. डावीकडे-उजवीकडे कधीही नाही. तिसरे, घासताना आणि ठोकताना पोलादात साठलेला ताण आधी काढावा लागतो. त्यासाठी पाते ८७० अंशांना तापवून हवेत काळे होऊ द्यावे, मग ८१५ अंशांना, मग ७६० अंशांना. या तीन फेऱ्यांत वाकायचे असेल ते तेव्हाच वाकते आणि सरळही करता येते, शिवाय कणी बारीक होते.

जुने इंजिन ऑइल टाकून द्या. त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि ज्वलनातून आलेली घातक द्रव्ये असतात आणि त्याचा धूर आपण श्वासात घेता. क्वेंचिंगचे (पाणी देण्यासाठीचे खास) तेल मिळत नसेल तर घरातील रिफाइंड सोयाबीन तेल ५०-६० अंशांना कोमट करून वापरावे. गार तेल घट्ट असते आणि पात्याचा ताप हळू ओढते; कोमट तेल पातळ असल्यामुळे जलद काम करते, हे ऐकायला उलटे वाटते पण तसेच आहे. तेलाचे भांडे लोखंडी, उंच आणि झाकणासह असावे. तेलाने पेट घेतला तर झाकण टाकावे, पाणी नव्हे.

नवशिका७

धन्यवाद. मग ते वाकलेले पाते आता सरळ करता येईल का?

ऐरणवेडा

आहे त्या अवस्थेत ठोकलेत तर तुटेल. आधी टेंपरिंग करा, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पाते पुन्हा मंद तापवा, आणि तेही उशीर न लावता, कारण नुसते पाणी दिलेले पाते रात्रभर टेबलावर ठेवल्यावर सकाळी चिरलेले सापडू शकते. ओव्हन २०० अंशांवर लावून दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. घरच्या ओटीजीचा काटा पाहून विश्वास ठेवू नका. त्याचे तापमान वर-खाली होत राहते. वाळूने भरलेल्या ट्रेमध्ये पाते पुरून ठेवले तर हे हेलकावे कमी होतात, आणि एक स्वतंत्र ओव्हन थर्मामीटर आत ठेवावा. दुसऱ्या फेरीच्या वेळी वाकलेले पाते जाड सपाट पट्टीवर, उलट बाजूला थोडे जास्त वाकेल असे शिकंज्याने आवळून ओव्हनमध्ये घाला. माझी तीनपैकी दोन पाती अशी सरळ झाली, तिसऱ्याची पटाशी केली.

पृष्ठभाग घासून चकचकीत केलेला असेल तर रंगही दिसेल: २०५ ते २१५ अंशांना फिकट गवती, २३५ च्या आसपास गडद गवती, २७५ ला जांभळा, ३०० च्या आसपास निळा. सुरीसाठी गवती, कोयत्यासाठी जांभळ्यापर्यंत. रंगावर वेळेचाही परिणाम होतो, त्यामुळे दोन तास ठेवलेले पाते थोडे अधिक गडद दिसले तर घाबरू नये.

भोसरीवाला (पिंपरी-चिंचवड)

माझा सल्ला कोणाला आवडणार नाही. एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट करणारे पुष्कळ कारखाने आहेत. दहा-बारा पाती साठवून द्यावीत, पोलादाची जात सांगावी, हवी ती कठिणता लिहून द्यावी आणि दोन दिवसांनी मोजमापासह परत घ्यावीत. भट्टी, गॅस, थर्मोकपल, विटा यांच्या खर्चात अशा कितीतरी फेऱ्या होतात. स्टेनलेसच्या पात्यांसाठी तर दुसरा मार्गच नाही. त्यांना १००० अंशांच्या पुढे, हवा न लागता धरावे लागते.

ऐरणवेडा

स्टेनलेसबाबत शंभर टक्के सहमत. साध्या पोलादाबाबत मी दोन वेळा पाती बाहेर देऊन पाहिली. किमान एका खेपेचे पैसे द्यावेच लागतात, आणि एकदा माझी पाती दुसऱ्या कोणाच्या गिअरबरोबर एकाच खेपेत गेली असावीत, कारण परत आलेल्या कागदावर जो आकडा होता तो पात्यांत नव्हता. हौस म्हणून करणाऱ्याला आपले पाते आपण पाणी दिलेले असावे असे वाटते, हेही एक कारण आहे आणि मी ते लपवणार नाही.

निळीज्योत

धागा लांबला आहे तरी एक आठवण. शस्त्र अधिनियम १९५९ खालील नियमांत, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाती शस्त्रांच्या वर्गात मोजली जातात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक उपयोगाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. कोयता, विळा, सुरी करणाऱ्यांना चिंता नाही, पण ड्रमची भट्टी पाहून तलवारीचे मनसुबे रचणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत.

दूरदेशी

ऐरणवेडा, एक विचारायचे राहिले. थर्मोकपलचे टोक पाइपात नेमके कुठे ठेवता? हवेत लोंबकळत ठेवले तर तो पात्याचे तापमान दाखवत नाही, पाइपातील वायूचे दाखवतो.

ऐरणवेडा

हीच चूक पहिल्या रविवारी केली होती. आता पाइपाच्या मागच्या बंद पत्र्याला छिद्र पाडून थर्मोकपल तेथून आत घेतला आहे आणि त्याचे टोक पात्याच्या पाठीला, जाड बाजूला, टेकते. पाते आत सरकवल्यावर आकडा एकदम १५०-२०० अंशांनी घसरतो, मग हळूहळू चढतो. तो ८१५ वर आला आणि दोन मिनिटे तेथेच राहिला की बाहेर. काल संध्याकाळी अशी चार पाती केली. चारही पात्यांवरून कानस घसरली, एक किंचित वाकले आहे आणि ते सध्या ओव्हनमध्ये पट्टीला आवळून ठेवले आहे.